आयजीजी३ प्रोटीन-ए च्या कॉलमवर का थांबत नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अँटिबॉडीनं जीवाणूला पकडायचं असतं, मग इथे प्रोटीन-ए हे जीवाणूचं प्रोटीनच अँटिबॉडीला कसं पकडतं? आणि मानवी आयजीजी१ (आयजीजी हा रक्तातल्या अँटिबॉडींचा मुख्य प्रकार, त्याचे १ ते ४ असे चार उपप्रकार) प्रोटीन-ए च्या कॉलमवर, म्हणजे अँटिबॉडी वेगळी करायला ते प्रोटीन भरलेल्या नळकांड्यात, अडकलं, पण आयजीजी३ सरळ वाहून गेलं, म्हणजे कॉलम बिघडलाय का?

कॉलम फेकू नका, तो बहुधा ठणठणीत आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच दडलंय.

अँटिबॉडी आपल्या दोन हातांच्या टोकांनी शत्रू ओळखते. प्रोटीन-ए मुख्यतः त्या टोकांच्या वाटेला जात नाही, ते मागून बुंधा धरतं, म्हणजे एफसी भाग. म्हणून अँटिबॉडी गोवराच्या विषाणूविरुद्धची असो की धनुर्वाताच्या विषाविरुद्धची, त्याला फरक पडत नाही. १९६६ साली फोर्सग्रेन आणि स्योक्विस्ट यांनी हे दाखवलं आणि त्याला 'आभासी' प्रतिकार-अभिक्रिया म्हटलं. वरवर पाहता अँटिजेन-अँटिबॉडीचीच जोडी, पण पकड उलट बाजूची.

पकडीची जागा नेमकी आहे: बुंध्यातले सीएच२ आणि सीएच३ हे दोन भाग जिथे मिळतात तो सांधा. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या या प्रोटीनमध्ये साधारण ५८ अमिनो आम्लांचे, एकमेकांसारखे पाच तुकडे असतात. प्रत्येक तुकडा म्हणजे तीन हेलिक्सची (मळसूत्रासारख्या वळणांची) मोळी, आणि त्यातल्या दोन हेलिक्स सांध्यावर टेकतात. डायझेनहोफरनं १९८१ मध्ये ही रचना स्फटिकातून उलगडली. अँटिबॉडीच्या बाजूनं आयसोल्युसिन २५३, हिस्टिडीन ३१० आणि हिस्टिडीन ४३५ या अमिनो आम्लांचा (आकडा म्हणजे साखळीतली जागा) त्यात मोठा वाटा आहे.

आता तुमचं आयजीजी३. त्यात ४३५ व्या जागी सहसा हिस्टिडीनऐवजी आर्जिनीन असतं. आर्जिनीन लांबुडकं आणि धनभारित, त्यामुळे पकड बसतच नाही. एवढ्या एका अमिनो आम्लावर सगळं अडलंय. (काही लोकांच्या आयजीजी३ मध्ये तिथे हिस्टिडीनच असतं, आणि ते कॉलमवर व्यवस्थित थांबतं. म्हणून 'आयजीजी३ कधीच चिकटत नाही' असं वहीत लिहून ठेवू नका.)

गंमत म्हणजे आपल्या शरीरातला एफसीआरएन हा रिसेप्टरही हाच सांधा धरतो आणि आयजीजीला पेशीत नष्ट होण्यापासून वाचवतो. त्या आर्जिनीनमुळे आयजीजी३ तिथेही मागे पडतं: बाकीच्या आयजीजींचं अर्धायुष्य तीन आठवड्यांच्या आसपास, याचं जेमतेम एक आठवडा. जीवाणूनं जागा हुशारीनं निवडलीय असं मला नेहमी वाटतं. तो सांधा बदलून सुटका करून घ्यायची, तर अँटिबॉडीला आयुष्य कमी करून घ्यावं लागतं.

जीवाणूचा यात फायदा काय? अँटिबॉडी त्याच्या अंगावर उलटी टांगली जाते, हात बाहेर आणि बुंधा आत. भक्षक पेशी नेमका बुंधाच शोधत येतात, तो त्यांना नीट सापडत नाही.

कॉलमवर अडकलेली अँटिबॉडी ॲसिडनं सोडवतात; ती का सुटते, तेही यातूनच कळतं. उदासीन पीएचला हिस्टिडीनवर फारसा भार नसतो, पीएच ३ च्या सुमाराला तो धनभारित होतो आणि पकड सैल पडते. सुटलेली अँटिबॉडी त्या ॲसिडमध्ये ठेवू नका. नळ्यांमध्ये आधीच पीएच ९ चा ट्रिस (ॲसिड मारणारा बफर) घालून ठेवा. मी एकदा आळस केला होता, दुसऱ्या दिवशी नळीत पांढरा गाळ मिळाला.

तुमच्या कामासाठी प्रोटीन-जी घ्या. ते 'सी' आणि 'जी' गटांतल्या स्ट्रेप्टोकॉकसचं. जवळपास तोच सांधा धरतं, पण वेगळ्या घडणीनं, त्यामुळे चारही मानवी आयजीजी त्यावर थांबतात. मूळ प्रोटीन-जी अल्ब्युमिनलाही चिकटतं, म्हणून तो भाग काढून टाकलेलं रिकॉम्बिनंट (जनुकीय तंत्रानं बनवलेलं) आहे ना, ते बघून घ्या. त्याची पकड घट्ट असल्यानं सोडवायला पीएच आणखी थोडा खाली, २.५ ते २.८ पर्यंत न्यावा लागतो.

पुढे कधी नुसते फॅब तुकडे (अँटिबॉडीचे सुटे हात) वेगळे करायचे झाले तर प्रोटीन-एल बघा, हातातल्या हलक्या साखळीच्या दोन प्रकारांपैकी ते कप्पाला धरतं, लॅम्डाला नाही. आणि फॅब तुकडे प्रोटीन-ए वरच अडकले तर गोंधळू नका: हातातली जड साखळी व्हीएच३ या जनुक-कुळातली असेल तर प्रोटीन-ए हातालाही चिकटतं.

प्रोटीन-जी वरूनही आयजीजी३ वाहून गेलं, तर लोड करतानाचा पीएच आणि किती मिलिग्रॅम चढवलंत ते इथे लिहा.