डीप स्पेस नाइन फक्त गॅरकसाठी पाहायचं तर कोणते भाग, कोणत्या क्रमाने?

'डीप स्पेस नाइन' या स्टार ट्रेक मालिकेचे १७६ भाग पाहायला वेळ नाही, पण गॅरकच्या क्लिप पाहून उत्सुकता वाटतेय, तर सुरुवात कुठून करू आणि तो खरं कधी बोलतो ते कसं ओळखू, असं तुम्ही विचारलंय. आधी एक विनंती: त्याचं नाव सर्च करू नका. त्याचं पूर्ण नाव हे एका भागाचं रहस्य आहे, आणि माहितीच्या पानांवर ते मथळ्यातच असतं.

भागांच्या क्रमांकावरही विसंबू नका. 'एमिसरी' आणि 'द वे ऑफ द वॉरियर' हे लांबीने दुप्पट भाग कुठे एक मोजतात, कुठे दोन. त्यामुळे पहिल्या आणि चौथ्या सीझनचे पुढचे आकडे एकाने सरकतात. नावानेच शोधा.

पहिला 'पास्ट प्रोलॉग' (१९९३). कार्डेशियन या परग्रहवासीयांचं सैन्य डीप स्पेस नाइन हे अंतराळ स्थानक सोडून गेलंय आणि गॅरक हा एकटा कार्डेशियन मागे राहून शिंप्याचं दुकान चालवतोय. स्थानकावरच्या डॉक्टर बशीरला तो नव्या सूटच्या निमित्ताने बोलावतो, कपडे बदलायच्या खोलीत उभा करतो आणि बाहेरचं बोलणं त्याच्या कानावर पडेल अशी सोय करतो. गॅरकची रीतच ही: माहिती स्वतःच्या तोंडाने सांगायची नाही, समोरच्याला तिच्यापाशी नेऊन सोडायचं. पहिल्या सीझनमध्ये तो पुन्हा येत नाही, म्हणून तिथून थेट दुसऱ्या सीझनच्या 'कार्डेशियन्स'वर जा.

मग 'द वायर'. माझ्या मते गॅरक इथे घडतो. त्याच्या डोक्यात एक यंत्र आहे. कोणी छळ केला तर वेदना जाणवू नयेत म्हणून बसवलेलं. हद्दपारीतलं जगणंच सोसवेना, म्हणून त्याने ते सतत चालू ठेवलं आणि आता ते निकामी होतंय. मरणाच्या दारात असताना तो बशीरला आपल्या हद्दपारीची हकिगत तीनदा सांगतो, आणि तिन्ही वेळा वेगळी. कुठली खरी, हे शोधत बसू नका. तिन्हींत काय बदलत नाही ते पाहा: एलिम नावाचा माणूस, आणि विश्वासघात. त्याच्या खोट्यात प्रसंग रचलेला असतो, त्यामागचं दुखणं मात्र खरं असतं. हीच कसोटी पुढच्या प्रत्येक भागात वापरा.

सावध राहा, लगेच पुढचा 'क्रॉसओव्हर' लागतो. त्यातला गॅरक समांतर विश्वातला आहे, वेगळाच माणूस. सध्या सोडा, नाहीतर 'द वायर'चा परिणाम पुसला जाईल.

तिसऱ्या सीझनमधले 'इम्प्रॉबेबल कॉज' आणि 'द डाय इज कास्ट' एकाच बैठकीत पाहा, मध्ये थांबू नका. पहिल्यात बशीर त्याला 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट सांगतो आणि गॅरक तिचं तात्पर्य भलतंच काढतो: तेच खोटं दोनदा सांगू नये. दुसऱ्यात तो ओडोची, म्हणजे स्थानकाच्या रूप बदलणाऱ्या सुरक्षाप्रमुखाची, चौकशी करतो. ओडोला दर १६ तासांनी द्रवरूपात जावं लागतं. ते रोखणारं यंत्र लावल्यावर त्याची कातडी पापुद्रे सुटून गळू लागते. तेव्हा ओडोकडे नको, गॅरकच्या चेहऱ्याकडे पाहा. गॅरक साकारणाऱ्या अँड्र्यू रॉबिन्सनने इतक्या जाड मेकअपखालून ती घालमेल दाखवलीय.

पाचव्या सीझनची 'इन पर्गेटरीज शॅडो' आणि 'बाय इन्फर्नोज लाइट' ही जोडीही सलग घ्या. कैदेत, भिंतीमागच्या अरुंद पोकळीत शिरून त्याला ट्रान्समीटरचं काम करावं लागतं आणि बंद जागेची भीती उफाळून येते. ही भीती सातव्या सीझनच्या 'आफ्टरइमेज'मध्ये परत भेटेल.

बहुतेक जण 'इन द पेल मूनलाइट'पासून (१९९८) सुरुवात करतात, आणि तिथेच गडबड होते. तो भाग स्थानकप्रमुख सिस्कोच्या कबुलीचा आहे. रोम्युलन या परग्रहवासीयांना आपल्या बाजूने युद्धात ओढण्यासाठी सिस्को खोटा पुरावा बनवायला गॅरककडे जातो. आधीचं काही न पाहता पाहिलं तर गॅरक निव्वळ थंड डोक्याचा कारस्थानी वाटतो. 'द वायर' पाहिलेल्याला मात्र कळतं की सिस्को जो हिशेब पहिल्यांदाच मांडतोय, तो गॅरकने आयुष्यभर मांडलाय. म्हणून हा भाग या सगळ्यांनंतर आणि 'आफ्टरइमेज'च्या आधी.

शेवटी 'व्हेन इट रेन्स'पासून अखेरपर्यंत सलग पाहा. अगदी शेवटच्या भागात बशीरशी त्याची निरोपाची भेट आहे. तोवर गॅरकच्या सभ्य वाक्यांमागचं ऐकायची सवय तुम्हाला झालेली असेल, पण त्या भेटीत तो फारसं काही लपवत नाही.