चौकातलाच रस्ता आधी का उखडतो?

प्रश्न : राजारामपुरीतील आमच्या घराजवळच्या चौकात मे महिन्यात डांबरीकरण झाले आणि जुलै संपण्याआधी तिथे खड्डे पडले. त्याच कामातला पुढचा सरळ रस्ता मात्र शाबूत आहे. असे का होते? सिग्नल काढून सर्कल केले, तर उपयोग होईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : माल, ठेकेदार आणि पाऊस एकच असताना एक भाग टिकतो व दुसरा उखडतो, तेव्हा चौकालाही सरळ रस्त्याचेच डिझाइन लावले गेले का, हे आधी विचारावे लागते. धावत्या चाकाचा भार डांबरावर क्षणभरच पडतो. सिग्नलला थांबलेल्या वाहनाचा भार मात्र एकाच जागी राहतो आणि उन्हाने मऊ झालेला थर तेवढ्या वेळात दबतो. ब्रेक लागला, की तोच थर पुढे सरकून थांबारेषेजवळ लाटा उमटतात. गाळप हंगामात उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कसबा बावड्यातील साखर कारखान्याकडे वळताना पाहा. मागच्या ट्रॉलीची चाके नुसती फिरत नाहीत, रस्ता घासत वळतात. अशा जागी व्हीजी-30 प्रतीच्या डांबराऐवजी अधिक घट्ट व्हीजी-40 प्रतीचे डांबर वापरावे (व्हीजी म्हणजे डांबराच्या घट्टपणाची प्रत), किंवा चौकापुरते काँक्रीट करावे.

पण खरा घात पाणी करते. जास्त पावसाच्या भागात डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत साधारण अडीच टक्के उतार लागतो, म्हणजे 7 मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा जवळजवळ 9 सेंटीमीटर उंच हवा. दोन रस्ते छेदतात तिथे दोघांचेही उतार एकमेकांत मिसळवावे लागतात, आणि पातळ्या न मोजता काम उरकले, तर मधोमध सपाट जागा राहते. तिथे साचलेले पाणी बारीक भेगांतून आत शिरते, वरून जाणारे प्रत्येक चाक ते दाबते आणि खडीला धरून असलेले डांबर सुटते. एक खडी निघाली, की शेजारची मोकळी होते. जुना थर न खरवडता त्यावर नवा चढवत गेल्याने तर दुहेरी नुकसान होते : रस्ता उंचावून पाणी लगतच्या दुकानांत शिरते, आणि चेंबरचे झाकण चार बोटे खाली जाते. त्या झाकणाभोवतीची तुटकी कड निरखून पाहा. पुढचा खड्डा बहुधा तिथूनच सुरू होतो. जलवाहिनीसाठी खोदलेला चर थराथराने दाबून न भरता मातीने बुजवला, तर तोही पहिल्या पावसात खचतो.

सर्कलचा फायदा सुरक्षिततेचा आहे. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना भिडण्याच्या 32 जागा असतात. एकपदरी सर्कलमध्ये त्या 8 उरतात. मात्र त्यासाठी जागा पुरेशी हवी, आत आलेल्या वाहनाला आधी जाऊ देण्याची शिस्त हवी आणि पादचाऱ्यांचे पट्टे प्रवेशापासून थोडे मागे हवेत. अरुंद चौकात नुसता गोल कट्टा बांधला, तर बस अडकतात. खड्डे मात्र सर्कलने थांबणार नाहीत, कारण वळणारी चाके तिथेही थर घासतातच.

पुढचे काम निघेल, तेव्हा माहितीच्या अधिकारात इस्टिमेटची प्रत मागा आणि जुना थर खरवडणे, चेंबर नव्या पातळीला उचलणे व चौकाच्या पातळ्यांचा नकाशा या तीन गोष्टी त्यात आहेत का, ते काम सुरू होण्याआधीच तपासा.