आधी खुर्चीतून उठवून बघ

प्रिय,

तुझं पत्र कालच मिळालं. मेंदूत गाठ असलेल्या पेशंटसाठी व्यायामाचा एक पक्का तक्ता पाठवा, असं तू लिहिलंस. वॉर्ड भरलेला आणि तू एकटी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे तक्ता हवासा वाटणारच. तरी तो मी पाठवत नाही. गाठीचं नाव एकच असलं तरी एकाचा तोल गेलेला असतो, दुसऱ्याचे शब्द, तिसऱ्याला डावी बाजू आहे हेच जाणवत नाही.

तू लिहिलेल्या काकांचंच बघू. ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली झपाट्याने वाढणारी कॅन्सरची गाठ, ऑपरेशन झालंय, रेडिएशनचा तिसरा आठवडा, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. मूठ घट्ट आहे, पावलं नीट हलतात, पण खुर्चीतून उठताना धडपडतात, याचं तुला कोडं पडलंय. त्यांच्या औषधांची यादी काढ. मेंदूची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असणार. बरेच आठवडे घेतलं की ते मांड्यांचे, कमरेचे आणि खांद्यांचे स्नायू झिजवतं. माणूस पाटावरून उठू शकत नाही, संडासात उकिडवा बसला की तिथेच अडकतो. घरच्यांना वाटतं, गाठ वाढली. तसंही असू शकतं, म्हणून डॉक्टरांच्या कानावर घालच. पण दोन्ही मांड्या सारख्याच दुबळ्या असतील तर स्टेरॉइडचा संशय आधी घ्यावा.

हाताची घडी घालून पाच वेळा उठबस करायला त्यांना किती सेकंद लागतात ते लिहून ठेव. दर आठवड्याला खुर्ची तीच घे. व्यायामही हाच ठेव. सुरुवातीला बसायला दोन उशा, मग एक, मग नुसती खुर्ची. तुझे सेकंद डॉक्टरांना दाखव. स्टेरॉइडचा डोस ठरवताना त्यांना त्याचा उपयोग होतो.

रेडिएशन एकूण ३० वेळा, आठवड्याचे पाच दिवस, असे सहा आठवडे जातात आणि थकवा शेवटाकडे वाढत जातो. नुसतं पडून राहिल्याने तो उतरत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २०१९ च्या शिफारशींत आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. पण त्यामागचा पुरावा बराचसा स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचा आहे. काकांना दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाड, चालता चालता गप्पा मारता येतील एवढाच वेग ठेव.

रोज व्यायाम सुरू करण्याआधी काकांना विचार: फिटची गोळी घेतली का, रात्री झोप लागली का. चालताना शेजारी माणूस हवाच, पोहणं नको. टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळीने प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, उतरतात, म्हणून रक्ताचा रिपोर्ट बघितल्याशिवाय वजनं हातात देऊ नकोस. ५०,००० च्या खाली असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. एकच पोटरी सुजली, दुखली, तर घरच्यांना तेल लावून चोळू देऊ नकोस. अशा पेशंटमध्ये गुठळीचं भय मोठं असतं. आणि कुणीतरी मायेपोटी कपालभाती, शीर्षासन सुचवणारच. डोक्यात सूज असताना ते का नको, हे त्यांना शांतपणे समजाव.

एक गोष्ट मला आजही सलते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका तरुण पेशंटच्या फाइलवर मी 'सहकार्य करत नाही' असं लिहिलं. तो पलंगावर बसून राहायचा, 'हो' म्हणायचा, पण हलायचा नाही. त्याची गाठ कपाळामागच्या भागात होती. मनात आलेलं सुरू करायची ताकदच तिथून गेली होती, आणि मी त्याला आळशी ठरवलं. माझा शेरा वाचून त्याची आईही त्याच्यावर चिडायला लागली. 'व्यायाम करा' म्हणण्याऐवजी मी त्याचा हात धरून 'चल, उठ' म्हटलं असतं, रोज ठरलेल्या वेळी चहानंतर, तर तो उठला असता. पुढे अशा किती तरी जणांना मी तसं उठताना पाहिलं. त्याच्या बाबतीत वेळ गेली होती.

आता एक काम कर. काकांच्या मुलाला गावच्या घराचे फोटो मागवायला सांग: उंबरा, पायऱ्या, संडास, धरायला काही आहे का ते. आले की मला पाठव. पुढच्या आठवड्याचे व्यायाम आपण त्यावरून ठरवू.

तुझी,
ताई