सातबारावर नाव नाही म्हणजे हक्क नाही, असं नसतं

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझं माहेर कराड तालुक्यातलं. वडील 2001 ला वारले, मृत्युपत्र काही केलेलं नव्हतं. आजोबांपासून चालत आलेली 6 एकर शेती आहे, मागे आई, भाऊ आणि मी. तेव्हा सातबाराला भावाचं नाव लागलं आणि आईचं अन् माझं इतर हक्काच्या रकान्यात टाकलं. 2009 ला भाऊ म्हणाला सोसायटीचं कर्ज काढायचंय, तुझी सही लागते. मी तलाठ्याकडे जाऊन सही केली, कागद वाचला नाही. आता या दिवाळीत मुलाने मोबाईलवर सातबारा काढला तर माझं नावच गायब. भाऊ म्हणतो तू हक्क सोडलास, शिवाय तुझं लग्न 1990 चं, वडील कायदा यायच्या आधी गेले, तुला काही बसत नाही, वर लग्नात केलेला खर्च मोजून दाखवतो. केस केलीस तर माहेर संपलं असं आईपण म्हणते. काय करू?

उत्तर : ताई, आधी भावाचे मुद्दे एकेक करून बाजूला काढू, कारण त्यातला बहुतेक भाग कायद्यात टिकत नाही.

लग्न कधी झालं याला आता काही अर्थ राहिलेला नाही. महाराष्ट्रात 1994 ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या होत्या हे खरं, पण 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायदा देशभर बदलला आणि त्यात विवाहित-अविवाहित असा फरक नाही. वडील 2005 च्या आधी गेले म्हणून मुलीला हक्क नाही, हे बरीच वर्षं चाललं, वेगवेगळे निकाल येत होते. शेवटी 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, वडील 9 सप्टेंबर 2005 ला हयात असायलाच पाहिजेत असं नाही. अडचण फक्त तिथे येते जिथे 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर वाटप किंवा कोर्टाच्या हुकमाने वाटप झालंय, किंवा जमीन विकून टाकलीय. तुमच्याकडे तसं काही झालेलं तुम्ही लिहिलेलं नाही. आणि लग्नाचा खर्च हिस्सा म्हणून वळता करायची कायद्यात कुठे सोय नाही.

आता हिस्सा किती. वडील वारले त्या दिवशी वाटप झालं असतं असं धरायचं, म्हणजे वडील, आई, भाऊ, तुम्ही असे चार भाग, प्रत्येकाला पाव. मग वडिलांचा पाव तीन वारसांत. पाव अधिक बारावा हिस्सा म्हणजे एक तृतीयांश, तुमचे 2 एकर. याच पद्धतीने 1978 ला सुप्रीम कोर्टाने हिराबाई मगदूम या विधवा आईला 7/24 हिस्सा दिला होता, त्यांच्या केसमध्ये दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. हे मुद्दाम सांगते कारण आईला यात आपला काही संबंधच नाही असं वाटत असेल. त्यांचेही 2 एकर आहेत, आणि इतर हक्कात नाव टाकल्याने ते कमी होत नाहीत.

खरा प्रश्न त्या सहीचा आहे, आणि तो कागद बघितल्याशिवाय मी काय, कोणीच काही सांगू शकत नाही. म्हणून वकील गाठायच्या आधी तुमचं नाव ज्या फेरफाराने, म्हणजे सातबारा बदलायच्या नोंदीने, कमी झालं त्याची नक्कल काढा, सोबत जोडलेले अर्ज, जबाब, नोटिसा सगळं मागा. नुसता अर्ज किंवा जबाब असेल तर तुमची बाजू भक्कम आहे, कारण जमिनीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर व्हावं लागतं, तलाठ्यासमोरच्या सहीने मालकी जात नाही. फेरफार ही महसुलासाठीची नोंद आहे, ती खरी आहे असं धरून चालतात पण खोटी ठरवता येते.

नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करून 2009 चा दस्त आहे का तेही बघा. रजिस्टर हक्कसोडपत्र निघालं तर गोष्ट अवघड होते, संपत नाही. फसवून सही घेतली हे सिद्ध करावं लागेल आणि फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांत दावा लावावा लागेल, म्हणून दिवाळीत काढलेला सातबारा, त्यावरची तारीख, भावाशी झालेले मेसेज जपून ठेवा.

फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, मुदत 60 दिवसांची आहे, उशीर माफ करायचा अर्ज जोडावा लागेल. पण मालकीचा निकाल दिवाणी कोर्टातच लागतो, तिथे वाटपाचा दावा आणि त्यासोबत जमीन विकू नये म्हणून मनाई हुकमाचा अर्ज, दोन्ही एकदम टाका. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

माहेराचं म्हणाल तर मला तुमचा जीव तुटतोय ते कळतं. हिस्सा सोडणं हाही तुमचा हक्क आहे, पण तो माहीत करून घेऊन, कागद वाचून सोडायचा, कर्जाच्या नावाखाली नाही. कागद हातात आल्यावर आधी भावाला आणि आईला समोर बसवून दाखवा. तोडगा निघाला तर दावा लावून लोकअदालतीत तडजोड करा, तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील होत नाही.

प्रश्न : ठाण्यातल्या बाबांच्या फ्लॅटला धाकटा भाऊ नॉमिनी आहे, तो म्हणतो आता फ्लॅट माझा. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. 2019 पासून आपल्या सहकारी संस्था कायद्यात स्पष्ट आहे की नॉमिनी हा तात्पुरता सभासद, वारस ठरेपर्यंत. शेअर्सबद्दलही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. बाबांचं मृत्युपत्र नसेल तर आई, आजी असल्यास त्या, आणि सगळी मुलं-मुली सारखे वाटेकरी. सोसायटीला आजच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : मी 74 वर्षांचा आहे. साध्या कागदावर हाताने लिहिलेलं मृत्युपत्र चालतं का, की स्टॅम्प पेपर लागतो?

उत्तर : चालतं काका, स्टॅम्प लागत नाही आणि रजिस्टर करणंही सक्तीचं नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण घ्या, कारण पुढे वाद झाला तर त्यातल्या एकाला तरी कोर्टात येऊन सांगावं लागतं, आणि ज्यांना मिळकत देताय त्यांना साक्षीदार करू नका. तुमचं वय बघता त्याच दिवशी फॅमिली डॉक्टरकडून तब्येत ठीक असल्याचा दाखला घेऊन सोबत लावा.