घाटातली ढिली गाडी आणि स्ट्रट बार

प्रश्न : ताई, माझ्याकडे २०१४ची पेट्रोल स्विफ्ट व्हीएक्सआय आहे. नोकरी चिपळूणला आणि घर कराडला, त्यामुळे दर आठवड्याला कुंभार्ली घाट ठरलेलाच. हल्ली पोफळी सोडून वळणं सुरू झाली की गाडीचा पुढचा भाग ढिला वाटतो. स्टिअरिंग फिरवलं की गाडी क्षणभर विचार करते आणि मग वळते. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानदाराने सांगितलं, ‘स्ट्रट बार टाका, गाडी रस्त्याला चिकटून चालेल.’ साडेतीन हजार सांगतोय. टाकू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : टाका, पण आत्ताच नको. आधी गाडी तपासून घ्या. आणि रस्त्याला चिकटून राहण्याचं काम टायरचं असतं, बारचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. पावसात कुंभार्लीच्या ओल्या वळणावर गाडी घसरणार असेल तर बार लावूनही ती घसरणारच. बार लावलाय म्हणून कुणी जास्त वेगाने वळण घेताना दिसलं की मला खरोखर भीती वाटते.

मग बार करतो काय? तुमच्या गाडीत पुढचा शॉकप आणि स्प्रिंग मिळून एक स्ट्रट होतो. तो खाली लोअर आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याला, धरलेला असतो आणि वर बोनेटखाली दोन बाजूंना जे पत्र्याचे उंचवटे दिसतात त्यांना. आम्ही त्यांना टॉवर म्हणतो. मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ही रचना ओळखली जाते आणि आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे हीच असते. हिच्यात वरचा वेगळा आर्म नसतो. त्यामुळे वळणावर चाकावर येणारा आडवा जोर काही अंशी थेट टॉवरच्या माथ्यावर जातो. पत्रा किंचित दबतो, टॉवरचा माथा किंचित सरकतो आणि त्याबरोबर चाकाचा कलही बदलतो. डोळ्यांना हे दिसत नाही, पण स्टिअरिंगवरच्या हातांना कळतं. दोन्ही टॉवर एका दांड्याने, म्हणजेच स्ट्रट बारने, जोडले की एका टॉवरवरचा जोर दुसराही वाटून घेतो आणि अलाइनमेंटला लावलेले कोन वळणातही जवळपास तसेच राहतात. चांगल्या स्थितीतल्या गाडीवर नीट बसवलेला बार असेल तर स्टिअरिंगला मिळणारं उत्तर स्वच्छ होतं. त्या गाडीने घाट उतरण्यात खरा आनंद आहे, म्हणून मी याला नुसती हौस म्हणत नाही.

पण ‘क्षणभर विचार करते’ असं तुम्ही लिहिलंत, आणि तेही ‘हल्ली’. टॉवरचा पत्रा काही अचानक मऊ होत नाही. एवढ्या वर्षांच्या गाडीत मला पहिला संशय लोअर आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशवर येतो, दुसरा स्ट्रट जिथे टॉवरला बसतो त्या वरच्या माउंटिंगवर. आमच्या उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये अशी गाडी आली की मी बोनेट उघडते, हाताची बोटं स्ट्रटच्या माउंटिंगवर ठेवते आणि पोराला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगते. बोटांना धक्का जाणवला किंवा ‘कट्’ असा आवाज आला तर माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग गेलेलं असतं. मग गाडी लिफ्टवर घेऊन पहारीने लोअर आर्म हलवून बघायचा. बुशला चीर असेल तर ती लगेच उघडते. हे दोन्ही तुम्ही स्वतः समोर उभं राहून करून घ्या.

त्यानंतर टायर. कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर दगा देतं. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच, टायर थंड असताना भरा.

तुमच्या मॉडेलला कंपनीतून १६५/८० आर१४ टायर येतात. म्हणजे टायरची भिंत १६५ मिलिमीटर रुंदीच्या ८० टक्के, १३२ मिलिमीटर उंच. वळणावर ही भिंत जेवढी लवते तेवढा टॉवर कधीच लवत नाही. याच गाडीच्या झेडएक्सआय या वरच्या प्रकाराला १८५/६५ आर१५ येतात. त्यांची भिंत सुमारे १२० मिलिमीटर, पट्टा रुंद, आणि पूर्ण चाकाची उंची जवळजवळ तेवढीच, दोनेक मिलिमीटरचा फरक. टायर बदलायची वेळ झालीच असेल तर त्या मापाच्या रिमसकट हा बदल करा. तुमच्या तक्रारीवर साडेतीन हजारांच्या बारपेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होईल. मोठ्या खड्ड्यात रिमला मार बसण्याची शक्यता थोडी वाढते, तेवढं सांभाळा.

हे सगळं झालं, अलाइनमेंट झाली, तरीही बार हवासा वाटला तर खुशाल घ्या. घेताना दुकानात तो हातात धरून बघा. दोन्ही टोकांना बिजागरीसारखा एकेक बोल्ट असेल तर तो ओढ-दाब घेईल, पण टॉवर तिरका होऊ लागला तर थांबवणार नाही. माझी पसंती एकसंध वेल्ड केलेल्या बारला. इंजिनवरून नेण्यासाठी खूप वाकवलेला बार जोर आला की त्या बाकातच लवतो. टोकाच्या पाट्या पातळ पत्र्याच्या असतील तर रंग कितीही देखणा असो, परत ठेवा.

बसवताना गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर नको. टॉवरच्या माथ्यावर कडेने जे छोटे नट असतात फक्त तेच काढायचे, तेही एका वेळी एकाच बाजूचे. मधला मोठा नट शॉकपच्या दांड्याचा असतो. त्याला हात लावायचा नाही. त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग असते. तो नट सुटला आणि स्प्रिंग मोकळी झाली तर समोरच्याच्या जिवावर बेतू शकतं. फिटर नवखा असेल तर हे त्याला काम सुरू होण्याआधी सांगा, संकोच करू नका.

पाटी जाड असली की टॉवरमधून वर आलेला जुना स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा, आखूड पडतो. नट आवळल्यावर स्टडचे दोन-तीन आटे वर दिसलेच पाहिजेत. दिसत नसतील तर तो बार त्या गाडीचा नाही. नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने, कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापाने आवळायचे. हवेच्या गनने आवळले तर स्टड तुटतो किंवा माउंटिंगमध्ये जागेवरच फिरू लागतो, आणि मग अख्खा स्ट्रट उतरवावा लागतो. मधला दांडा कमी-जास्त करता येत असेल तर तो हाताने फिरवून टेकला की थांबायचं आणि लॉकनट आवळायचा. पाना लावून टॉवर एकमेकांपासून ढकलणारे लोक मी पाहिलेत. त्यात गाडीचे कोन बिघडतात.

बोनेट बंद करण्याआधी बारवर तीन-चार ठिकाणी कणकेचे गोळे ठेवा, बोनेट हलकेच टेकवा, पुन्हा उघडा. गोळा कुठे पार चपटा झाला ते लगेच दिसेल. पादचाऱ्याचं डोकं बोनेटवर आपटलं तर पत्र्याला दबायला जागा मिळावी म्हणूनही ती पोकळी ठेवलेली असते, त्यामुळे बार बोनेटला जेमतेम चुकतोय एवढ्यावर मी समाधान मानत नाही. इंजिनही रेस केल्यावर हलतं, तिकडेही अंतर बघा. पाटीखाली रंग खरवडला असेल तर त्यावर टचअप मारा. कोकणच्या हवेत उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंज धरतो आणि टॉवरचा गंज महागात पडतो. काही शे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्या.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. पुढच्या एका कोपऱ्याला जोरात धडक बसली तर बार तो मार दुसऱ्या टॉवरपर्यंतही नेऊ शकतो. बार लावल्याचं विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा.

प्रश्न : माझी बोलेरो वळणावर फार झुकते. तिला असा बार मिळेल का?
— एक वाचक, पाटण

उत्तर : तिला याचा उपयोग नाही. बोलेरोची बॉडी वेगळ्या शिडीसारख्या चासीवर रबरी गाद्यांवर बसवलेली असते आणि चाकांचा जोर बॉडीच्या पत्र्यावर नाही, चासीवर येतो. झुकणं हे उंचीमुळे आहे. त्या रबरी गाद्या, शॉकप आणि अँटिरोल बारचे (वळणावर झुकणं कमी करणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश बदलून घ्या, आणि टपावरच्या कॅरिअरवर माल लादत असाल तर तो आधी खाली आणा.

प्रश्न : आमचा मेस्त्री म्हणतो, नटबोल्ट कशाला, बार टॉवरला वेल्डच करतो, कायमचं काम होईल.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : करू देऊ नका. आजच्या गाड्यांच्या बॉडीत ठिकठिकाणी उच्च ताकदीचं पोलाद वापरतात आणि बेताल उष्णता लागली की त्याची ताकद जाते. वेल्डच्या शेजारी पुढे चीर पडते. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही. कापाकापी आणि वेल्डिंग केलं की तपासणीत आणि विम्याच्या दाव्यात तुम्हालाच उत्तरं द्यावी लागतील. मूळच्याच स्टडवर बसणारा, चार नट काढले की निघणारा बार घ्या. आणि मेस्त्रीला वेल्ड करावंसं वाटलं ते टॉवरच्या शिवणीवर तडा दिसला म्हणून असेल, तर बारचा विषय बाजूला ठेवा आणि गाडी थेट चांगल्या बॉडीशॉपमध्ये न्या. तोवर ती घाटात नेऊ नका.