आपणच वाढवलेली कोंबडी कापल्यावर झोप का उडते?

परसात खाण्यासाठी कोंबड्या पाळणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पिलं त्यांनीच वाढवली आणि कापलीही त्यांनीच. तेव्हापासून झोप उडाली होती. "दाणे टाकायला गेले की पायात घुटमळायची ती. त्याच हातांनी मी सुरी फिरवली. मी दुष्ट आहे का हो मॅडम?" हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, पण आवाज खाली आणून.

लगेच "नाही हो" म्हणून मी त्यांची समजूत घातली नाही. डोळ्यांपुढे नेमकं काय येतं, ते विचारलं. मान कापल्यावरची फडफड, त्या म्हणाल्या. तेवढा सगळा वेळ ती जिवंतपणी तडफडत होती, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. खरं तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट कापल्या गेल्या, की थोड्याच वेळात पक्ष्याची शुद्ध हरपते. पंखांची जोरदार फडफड त्यानंतरही होते; ती स्नायूंची आपोआप होणारी हालचाल असते. हे ऐकून त्या खूप रडल्या.

आपण वेदना दिली ही टोचणी वेगळी आणि जीव गेल्याचं दुःख वेगळं. टोचणीवर काम करता येतं. सुरीला चांगली धार लावावी, जाणत्या माणसाकडून शिकून घ्यावं, कोंबडी अंधारात शांत असताना पकडावी. शिकण्याआधी एकट्याने सुरी हातात घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जीव तुटतो म्हणून कापण्याचा दिवस पुढे ढकलणं ही दयाही नव्हे. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या झटपट वाढणाऱ्या कोंबड्या, साधारण 6 ते 8 आठवड्यांत तयार होतात. त्यापुढे वजन वाढत गेलं की त्यांचे पाय आणि हृदय थकतं.

दुःखाला मात्र मी हात लावला नाही. काहीच वाटू नये, अशी अपेक्षा का ठेवायची? तीच दृश्यं कित्येक आठवडे छळत राहिली किंवा सगळ्याच भावना बधिर झाल्या, तर मदत घ्यायलाच हवी. मुलांनाही "उडून गेली" असं खोटं सांगू नये. कोणत्या कोंबड्या खाण्यासाठी आहेत, ते पिलं आणतानाच सांगावं.

कापणं जमत नसेल, तर अंड्यांपुरत्या कोंबड्या पाळणं हाही चांगला मार्ग आहे. या बाईंनी तो घेतला नाही. आता सुरी त्यांचे दीर चालवतात आणि कोंबडी त्या स्वतः धरतात. त्या दिवशी जेवण जात नाही, असं मागच्या भेटीत म्हणाल्या. झोप मात्र लागते.