पिवळं दिसलं की बोटं सुटतात

"मॅडम, याचं लक्षच लागत नाही हो." गेल्या पावसाळ्यात एक वडील मुलाला घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आले आणि बसायच्या आधीच हे बोलले. तिरंदाजी करणाऱ्या पोरांचे पालक बहुतेक हेच म्हणत येतात. मुलगा सोळाचा, त्याला बंटी म्हणू. इंडियन राउंड खेळतो, म्हणजे बांबूचं साधं धनुष्य, अंतर ३० आणि ५० मीटर. वर्षभरापूर्वी मस्त मारायचा आणि आता दोरी तोंडापर्यंत यायच्या आधीच बाण सुटतो, मॅचला तर जास्तच, मग कोच ओरडतात, घरी बोलणी बसतात आणि हा रात्री झोपत नाही.

खरं सांगते, आधी मीच चुकले. परीक्षेच्या टेन्शनसारखं धरून तीन आठवडे श्वासाचे व्यायाम करून घेतले. पोरगं शांत झालं, बाण तसाच सुटत राहिला. मग म्हटलं ग्राउंडवरच येते.

तिथे कोचना विचारून टार्गेटचा कागद, ज्याच्या मधे पिवळा गोल असतो तो, काढायला लावला आणि बंटीला कोऱ्या बट्रेससमोर (बाण रुततो ती जाड गादी) पाच पावलांवर उभं केलं. त्याने ओढलं, बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकलं, कोपर मागे, मी एक-दोन-तीन मोजलं, मग सोडलं. दहाच्या दहा वेळा छान. मग पर्समधली पिवळी चिकटचिठ्ठी काढून बट्रेसवर लावली. दोरी तोंडापासून चार बोटं लांब होती आणि फट्! तो आधी हसला, मग डोळे भरले. "मॅडम, मी सोडलाच नाही, आपोआप गेला."

याला टार्गेट पॅनिक म्हणतात, भल्याभल्यांना होतं. बाण चुकेल ही धाकधूक पिवळं दिसलं की वाढते, सोडला की संपते, आणि या सुटकेचीच सवय लागते. त्यामुळे "लक्ष दे, लक्ष दे" म्हटलं की उलट बिघडतं, त्या बिचाऱ्याचं लक्ष पिवळ्यावर आधीच गरजेपेक्षा जास्त असतं.

दुसरी भानगड धनुष्याची. वडिलांनी हौसेने ओढायला जड धनुष्य घेऊन दिलेलं. २०२३ ला आपल्या अदिती स्वामी आणि ओजस देवतळेने बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड मारलं, ते त्यांच्या डोक्यात. अहो पण ते कंपाउंड धनुष्य, त्याला चाकं असतात, पूर्ण ओढल्यावर वजन हलकं होतं. बांबूचं जितकं ओढाल तितकं जड आणि सगळ्यात जड असतं तिथेच थांबून नेम धरायचा! हात थरथरला की शरीर पळवाट शोधणारच. जुनं हलकं धनुष्य परत काढायला लावलं, यावर वडील चार दिवस नाराज.

मग महिनाभर कागदच नाही. लक्ष फक्त पाठीत, खांद्यांमागची दोन्ही चपटी हाडं जवळ आणायची, बोटं उघडायची नाहीत, नुसती ढिली सोडायची, आणि बाण लागल्याचा आवाज येईपर्यंत पुढचा हात तिथेच. त्यानंतर चिठ्ठी परत आली, पण मारायला नाही. बाण लावून ओढायचं, पिवळं बघायचं आणि बाण न सोडता दोरी हळूच परत आणायची, म्हणजे उतरवायचं. (बाण न लावता दोरी सोडायची नाही हं, धनुष्य तुटू शकतं.) पुढे कोच मागे उभे राहायचे आणि पूर्ण ओढल्यावर सांगायचे, "मार" किंवा "उतरव". पहिल्या दिवशी "उतरव" म्हटलं तरी निम्मे बाण गेलेच. अंतर अगदी थोडं थोडं वाढवलं, तीन महिने गेले, मधे स्कोअर इतका पडला की वडिलांचा फोन, "मॅडम, हे नक्की बरोबर चाललंय ना?" मी म्हटलं स्कोअरची वही तुम्ही कपाटात ठेवा आणि मॅचला त्याच्या मागे उभे राहू नका.

परवा मॅच झाली. नंबर आला नाही. रात्री बंटीचा व्हॉट्सॲप आला, "मॅडम आज दोनदा नीट वाटलं नाही म्हणून उतरवला आणि परत ओढला, टाइम पण पुरला."